'डार्क शॅडोज' मालिकेचा ३६५ वा भाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे अमेरिकेतील 'डार्क शॅडोज' या जुन्या भयरम्य दैनंदिन मालिकेच्या ३६५ व्या भागाविषयी आहेत. मालिका पूर्वी कधीही न पाहिलेल्या वाचकालाही ती समजावीत, अशा बेताने लिहिली आहेत. उत्तरांमध्ये कथानक उघड होते, त्यामुळे ज्यांना कोऱ्या मनाने भाग पाहायचा आहे त्यांनी आधी तो पाहावा आणि मग इकडे वळावे.

हा भाग कधी प्रसारित झाला आणि त्याची एवढी चर्चा का होते?

शुक्रवार, १७ नोव्हेंबर १९६७ रोजी दुपारी एबीसी या वाहिनीवर हा भाग प्रसारित झाला. आठवड्यातून पाच दिवस चालणाऱ्या मालिकेत शुक्रवारचा भाग नेहमीच महत्त्वाचा असतो, कारण प्रेक्षकाला शनिवार-रविवार धीर धरायला लावायचा असतो. या शुक्रवारी मात्र प्रेक्षकाच्या हाती साधे रहस्य आले नाही. चालू कथानक होते तिथेच थांबले आणि सगळी मालिका १७९५ सालात गेली. ती वर्तमानात परतली १ एप्रिल १९६८ रोजी, म्हणजे ४६१ व्या भागात. रोज दुपारी घराघरांत दिसणाऱ्या मालिकेने आपली ओळखीची पात्रे बाजूला ठेवून साडेचार महिने दुसऱ्या शतकात मुक्काम करावा, हे धाडस आजच्या मापानेही मोठे आहे. माझ्या मते 'डार्क शॅडोज' ज्या कारणासाठी स्मरणात राहिली आहे, ते कारण या भागात जन्माला आले.

मालिकेची मूळ कल्पना काय होती?

निर्माते डॅन कर्टिस यांना पडलेल्या एका स्वप्नातून ती सुचली. आगगाडीतून एकटीच निघालेली एक तरुणी आणि तिची वाट पाहणारे एक मोठे, जुने घर, असे ते स्वप्न होते. त्याभोवती आर्ट वॉलेस यांनी कथा रचली आणि २७ जून १९६६ रोजी पहिला भाग दाखवला गेला. अनाथाश्रमात वाढलेली व्हिक्टोरिया विंटर्स ही मुलगी मेन राज्याच्या किनाऱ्यावरील कॉलिन्सपोर्ट या काल्पनिक गावी, कॉलिनवुड नावाच्या वाड्यात लहान डेव्हिडची गव्हर्नेस म्हणून येते. गव्हर्नेस म्हणजे घरातच राहून मुलांना शिकवणारी बाई. व्हिक्टोरियाला आपल्या जन्माचे रहस्य शोधायचे आहे. सुरुवातीच्या भागांत ती स्वतःचे नाव सांगून प्रेक्षकाशी बोलू लागे आणि मग दृश्य सुरू होई. अलेक्झांड्रा मोल्टके यांनी ही भूमिका केली. वाड्याची मालकीण एलिझाबेथ हिच्या भूमिकेत जोन बेनेट होत्या. हॉलिवूडच्या चित्रपटांतून नाव मिळवलेल्या या अभिनेत्रीमुळे मालिकेला आरंभी वजन आले.

बार्नबस कॉलिन्स त्यात कुठून आला?

पहिले काही महिने मालिकेला पुरेसे प्रेक्षक मिळाले नाहीत. कथेत आधी भूत आले, नंतर अग्नीतून पुन्हा जन्म घेणारी स्त्री आली आणि एप्रिल १९६७ मध्ये बार्नबस कॉलिन्स हा रक्तपिशाच आला. २१० व्या भागात विली लूमिस हा भुरटा चोर दागिन्यांच्या लोभाने कॉलिन्स घराण्याच्या थडग्यातील गुप्त खोलीत शिरतो, साखळदंडांनी बांधलेली शवपेटी उघडतो आणि आतून आलेला हात त्याचा गळा धरतो. पडद्यावर दिसणारा तो हात जोनाथन फ्रिड यांचा नव्हता. त्या दिवशी दुसऱ्याच नटाला तिथे झोपवले होते. फ्रिड हे कॅनडातील हॅमिल्टन शहरचे, रंगभूमीवर मुरलेले नट होते. त्यांना थोड्या आठवड्यांसाठी घेतले होते, पण प्रेक्षकांनी त्यांना जाऊ दिले नाही आणि १९७१ मध्ये मालिका संपेपर्यंत ते राहिले. बार्नबस वाड्यात येतो तो इंग्लंडहून आलेला दूरचा चुलतभाऊ म्हणून. दिवाणखान्याबाहेर लावलेल्या पूर्वजाच्या तैलचित्राशी त्याचा चेहरा हुबेहूब जुळतो, आणि त्यात कुणाला संशय न येता घरच्यांना कौतुकच वाटते.

३६५ वा भाग समजण्यासाठी मागचे काय ठाऊक असावे?

तीन गोष्टी ठाऊक असल्या तरी पुरे.

पहिली गोष्ट मॅगी इव्हान्सची. बार्नबसने गावातील या तरुणीला पळवून नेऊन, आपली हरवलेली प्रिया जोसेट हिचे रूप तिच्यावर लादण्याचा प्रयत्न केला होता. तिला जोसेटचे कपडे घालायला लावणे, जोसेटच्या नावाने हाक मारणे, हा त्या उन्हाळ्यातील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग होता. दुसरी गोष्ट डॉक्टर ज्युलिया हॉफमनची. ती बार्नबसवर वैद्यकीय उपचार करू पाहते, त्याच्यावर जीव टाकते आणि त्यापायी स्वतःच्या जुन्या मित्राच्या, डॉक्टर वुडर्डच्या खुनात सामील होते. तिसरी गोष्ट साराची. सारा ही बार्नबसची धाकटी बहीण. शतकापूर्वीच बालपणी वारलेली ही मुलगी घराभोवती वावरते, बासरी वाजवते आणि संकटात सापडलेल्यांना वाट दाखवते. आपल्या भावाने काय चालवले आहे हे तिला कळते, तेव्हा ती त्याच्याकडे पाठ फिरवते. चांगले वागायला शिकल्याशिवाय मी परत येणार नाही, असे तिने त्याला बजावल्यावर आपण या भागात प्रवेश करतो. शॅरन स्मिथ या बालकलाकाराने ही भूमिका केली. तिच्या बोलण्यात अभिनयाचा सराईतपणा नाही, आणि मला तर त्यामुळेच ती खरी वाटते.

या भागात प्रत्यक्ष काय घडते?

घटना मोजक्या आहेत. साराला काय सांगायचे आहे ते तिलाच विचारावे, असे कॉलिनवुडमध्ये ठरते आणि दिवाणखान्यात टेबलाभोवती बैठक मांडली जाते. मराठी वाचक याला प्लँचेट म्हणतील. येथे वाटी किंवा अक्षरांचा पाट नाही, इतकाच फरक. हातांना हात लावून गोल बसायचे, दिवे मंद करायचे आणि आत्म्याला बोलवायचे. बार्नबसला ही बैठक नको आहे, कारण सारा बोलली तर आपले काय होईल हे त्याला पुरते ठाऊक आहे, पण नकार दिल्यास संशय येईल म्हणून तोही बसतो. सारा व्हिक्टोरियाच्या मुखातून बोलू लागते. जे घडले ते अगदी पहिल्यापासून समजावे, असा तिच्या बोलण्याचा रोख असतो. मग अंधार होतो. पुन्हा उजेड येतो तेव्हा व्हिक्टोरियाच्या खुर्चीत अठराव्या शतकाच्या पोशाखातली एक अनोळखी, भेदरलेली तरुणी बसलेली असते, आणि व्हिक्टोरिया उभी असते 'जुन्या घरा'समोर, म्हणजे कॉलिन्स कुटुंबाच्या कॉलिनवुडआधीच्या घरासमोर. तिने पूर्वी ते घर पडक्या अवस्थेत पाहिलेले असते. आता ते नवे आणि नांदते आहे.

खुर्चीत बसलेली तरुणी कोण?

तिचे नाव फिलिस विक. १७९५ मध्ये कॉलिन्स कुटुंबाने लहान साराला शिकवण्यासाठी नेमलेली ती गव्हर्नेस. म्हणजे एका काळातील शिक्षिका दुसऱ्या काळात गेली आणि त्या काळातील शिक्षिका इकडे आली. ही अदलाबदल योगायोगाची नाही. व्हिक्टोरिया वाड्यात पहिल्या दिवशी जशी परकी म्हणून आली, तशीच आता पुन्हा परकी म्हणून त्याच कुटुंबाच्या दारात येते, त्याच कामासाठी. मालिकेचा पहिला भाग आणि हा भाग लागोपाठ पाहिला तर ही मांडणी किती विचारपूर्वक केली आहे ते लक्षात येते.

१७९५ मधील माणसांचे चेहरे ओळखीचे का वाटतात?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर मालिकेच्या मर्माजवळ नेते. कर्टिस यांनी भूतकाळासाठी नवे नट आणले नाहीत, असलेल्यांनाच नव्या भूमिका दिल्या. आपल्याकडच्या जुन्या नाटक कंपनीत आज राजा झालेला नट उद्या विदूषक होई, आणि प्रेक्षक दोन्ही भूमिका मनात ठेवून नाटक पाही. इथे तेच घडते. वर्तमानात वाड्याची मालकीण असलेल्या जोन बेनेट भूतकाळात बार्नबसची आई नेओमी होतात. एलिझाबेथचा दुबळा, पळपुटा भाऊ रॉजर करणारे लुई एडमंड्स बार्नबसचे करारी वडील जोशुआ होतात. ज्युलियाच्या भूमिकेतील ग्रेसन हॉल जोसेटची आत्या, काउंटेस नताली म्हणून येतात. वाड्यातली कुरकुरी मोलकरीण करणाऱ्या क्लॅरिस ब्लॅकबर्न कर्मठ आत्या अॅबिगेल होतात. डेव्हिड करणारा मुलगा डेव्हिड हेनेसी कॉलिन्स घराण्याचाच दुसरा मुलगा डॅनिएल होतो.

यातील दोन निवडी विशेष पाहण्याजोग्या आहेत.

एक म्हणजे जोसेट. ती कॅथरीन ली स्कॉट यांनी साकारली, म्हणजे मॅगी इव्हान्स करणाऱ्याच अभिनेत्रीने. उन्हाळ्यात बार्नबसने मॅगीला जोसेट बनवण्यासाठी जो छळ मांडला, तो त्या वेळी केवळ वेडेपणा वाटला होता. आता समजते की चेहरा खरोखरच तोच होता. त्यामुळे त्याचे कृत्य क्षम्य ठरत नाही, पण प्रेक्षक ते आता वेगळ्या नजरेने आठवतो. मागे घडून गेलेल्या भागांचा अर्थ पुढे आलेल्या भागाने बदलावा, हे रोजच्या मालिकेत क्वचितच साधते.

दुसरी निवड जेरेमायाची. व्हिक्टोरियाचे ज्याच्याशी लग्न ठरले होते तो बर्क डेव्हलिन काही आठवड्यांपूर्वीच ब्राझीलमधील विमान अपघातात गेलेला असतो. ती भूमिका शेवटी अँथनी जॉर्ज करत होते. १७९५ मध्ये तेच बार्नबसचा तरुण काका जेरेमाया म्हणून समोर उभे राहतात. नुकत्याच दुःखातून न सावरलेल्या मुलीसमोर मेलेल्या माणसाचा चेहरा येतो आणि तो तिला ओळखत नाही. हे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी मला ते बार्नबसच्या दातांपेक्षा अधिक भयंकर वाटले आहे.

मग व्हिक्टोरिया १७९५ मध्ये इतकी भाबडेपणाने का वागते?

या मुद्द्यावर चाहत्यांमध्ये जुना वाद आहे. ती भेटेल त्याला भलत्याच नावाने हाक मारते, अजून न घडलेल्या गोष्टी बोलून जाते, कॉलिन्स घराण्याचा छापील इतिहास जवळ बाळगते, आणि शेवटी तेच पुस्तक ती चेटकीण असल्याचा पुरावा म्हणून न्यायालयात तिच्याविरुद्ध वापरले जाते. चेटकिणींचा शोध घेणारा रेव्हरंड ट्रास्क तिच्या मागे लागतो, ही भूमिका जेरी लेसी यांनी केली. थोडे तोंड बंद ठेवले असते तर वाचली असती, असे अनेकांचे म्हणणे असते.

मला हा आक्षेप अर्धाच पटतो. काही प्रसंगांत लेखकांनी कथा पुढे ढकलण्यासाठी तिला जरूरीपेक्षा अधिक बावळट केले आहे, हे खरे आहे, आणि मोल्टके यांना त्याच त्या गोंधळलेल्या चेहऱ्याने आठवडेच्या आठवडे काढावे लागले हा त्यांच्यावर अन्यायच झाला. पण तिच्या जागी क्षणभर उभे राहून पाहिले पाहिजे. ज्या माणसांबरोबर ती दीड वर्ष राहिली, त्यांचेच चेहरे तिच्याभोवती आहेत, आणि तो माणूस हा नव्हे असे मनाला सतत बजावत राहणे सोपे नाही. त्यातही तिला सर्वांत महत्त्वाची गोष्ट ठाऊक नाही. १९६७ चा बार्नबस आणि १७९५ चा बार्नबस हा एकच आहे, हे प्रेक्षकाला माहीत आहे, ज्युलियाला माहीत आहे, पण व्हिक्टोरियाला नाही. तिच्या लेखी हा तिच्या ओळखीच्या बार्नबसचा पूर्वज आहे. त्याचे पुढे काय होणार ते सांगून ती त्याला वाचवू शकेल, अशी आशा प्रेक्षकाच्या मनात जागी होते आणि तिला मुळात इशारा काय द्यायचा हेच कळत नाही. हा ताण तिच्या अज्ञानावरच उभा आहे.

कथा भूतकाळात नेण्याची गरज का पडली असावी?

नोव्हेंबर १९६७ पर्यंत बार्नबसचे कथानक अडचणीच्या जागी येऊन ठेपले होते. त्याने खून केला होता, मॅगीचा छळ केला होता, एलिझाबेथची मुलगी कॅरोलिन हिच्या गळ्याला दात लावून तिला अंकित केले होते आणि ज्युलियाला वेड लावण्याचा घाट घातला होता. असा खलनायक एका ठराविक टप्प्यानंतर मारावाच लागतो. पण प्रेक्षकांना तो हवा होता, आणि फ्रिड यांना येणाऱ्या पत्रांचा ओघ वाढत चालला होता. त्याला ठेवायचे तर तो असा का झाला हे दाखवणे आवश्यक होते. भूतकाळाने ते काम केले. १७९५ चा बार्नबस नम्र, हळवा, नोकरांशी माणुसकीने वागणारा तरुण आहे. मार्टिनिक बेटावरून येणाऱ्या जोसेटची तो वाट पाहतो आहे. तिच्याबरोबर तिची दासी अँजेलिक येते आणि तिथे त्याच्या नाशाची सुरुवात होते.

अँजेलिकने शाप का दिला?

मार्टिनिकमध्ये बार्नबस आणि अँजेलिक यांचे संबंध होते. त्याच्या लेखी ते संपले होते, तिच्या लेखी नव्हते. ती जादूटोणा जाणते. तिच्या चेटकामुळे जोसेट आणि जेरेमाया एकमेकांकडे ओढले जातात आणि पळून जाऊन लग्न करतात. बार्नबस आपल्या काकाला द्वंद्वयुद्धात ठार करतो. पुढे तो अँजेलिकशीच लग्न करतो, तिचे खरे रूप कळल्यावर तिच्यावर गोळी झाडतो आणि मरणाच्या दारात असताना ती त्याला शाप देते. त्याच्यावर प्रेम करणारा कुणीही जगणार नाही, असा तो शाप. लगेच वटवाघूळ येते. लारा पार्कर यांनी ही भूमिका इतक्या जिव्हाळ्याने केली की अँजेलिकला केवळ दुष्ट म्हणून बाजूला सारता येत नाही. सरदार घराण्यातील मुलाने दासीला वापरून टाकून दिले, हा तिचा राग खरा आहे. मालिका तो स्पष्ट शब्दांत मांडत नाही, पण लपवतही नाही.

पूर्वी सांगितलेला इतिहास आणि १७९५ मध्ये दाखवलेला इतिहास जुळत नाही, ते का?

जुळत नाही हे मान्य करावे. १९६६ पासून अधूनमधून पात्रांच्या तोंडून आलेल्या माहितीत जोसेट ही जेरेमायाची पत्नी होती आणि तिचा काळही वेगळा सुचवला जाई. बार्नबस कथेत येण्यापूर्वी लिहिलेल्या संवादांत त्याची जागा असणे शक्यच नव्हते. रोज एक भाग लिहिणाऱ्या लेखकांनी जोसेट, जेरेमाया आणि 'विधवांचा कडा' या समुद्राकाठच्या कड्यावरून तिने मारलेली उडी या जुन्या खुणा घेतल्या आणि बाकीचे नव्याने रचले. कुटुंबाच्या दंतकथा अशाच चुकीच्या सांगितल्या जातात, असे मानणारे काही चाहते आहेत. मला तो खुलासा आवडतो, पण लेखकांच्या मनात तो होता असा दावा मी करणार नाही.

फिलिस विक ही मूळची गव्हर्नेस असेल, तर व्हिक्टोरिया गेल्याने इतिहास बदलला का?

येथे मालिका स्वतःच धूसर राहते. मूळ इतिहासात फिलिसवर चेटूक केल्याचा आरोप आला असेल आणि व्हिक्टोरियाने फक्त तिची जागा घेतली असेल, असा एक तर्क आहे. व्हिक्टोरिया गेल्यामुळेच काही घटना वेगळ्या घडल्या, असा दुसरा. ४६१ व्या भागात व्हिक्टोरियाला फाशी दिली जात असतानाच ती परत वर्तमानात येते आणि फासावर फिलिस जाते. यावरून पहिला तर्क अधिक सयुक्तिक वाटतो. परतल्यावर १७९५ मधील बरेच तपशील तिला नीट आठवत नाहीत, आणि ती आपल्याविषयी काय जाणते या भीतीने बार्नबस बेचैन होतो. यापलीकडे नियमांचा काटेकोर हिशेब मालिकेने ठेवलेला नाही.

भागांमध्ये माइक दिसतो, नट संवाद विसरतात, भिंती हलतात. असे का राहू दिले?

'डार्क शॅडोज' चित्रफितीवर मुद्रित होत असली तरी ती जवळजवळ थेट प्रक्षेपणासारखी सलग घेतली जाई. न्यूयॉर्कमधील स्टुडिओत दिवसाची सुरुवात तालमीने होई आणि दुपारी भाग घेतला जाई. त्या काळी चित्रफीत कापून जोडणे खर्चिक आणि किचकट होते. त्यामुळे फार मोठा घोटाळा झाल्याखेरीज चित्रण थांबवत नसत. वेशभूषा बदलायची असेल तर जाहिरातींच्या वेळात धावतपळत बदलावी लागे. फ्रिड यांना रोज नवे संवाद पाठ करणे जड जाई, आणि ते टेलिप्रॉम्प्टरकडे नजर टाकत आहेत हे अनेक दृश्यांत कळते. गंमत म्हणून या चुका गोळा करणारे चाहते पुष्कळ आहेत. मला त्या पाहताना वेगळेच वाटते. संवाद अडखळल्यावर समोरचा नट ज्या तऱ्हेने सावरून घेतो, त्यात रंगभूमीवर घडलेल्या माणसांची एकमेकांवरची श्रद्धा दिसते. बार्नबसच्या बोलण्यातली ती शोधक, अस्वस्थ थांबणी कधीकधी पुढचे वाक्य आठवण्यासाठी असते, पण पडद्यावर ती दोनशे वर्षांच्या एकाकीपणासारखी वाटते.

भाग १,२२५ आहेत की १,२४५?

प्रसारित झालेले भाग १,२२५ आहेत, आणि शेवटच्या भागाचा क्रमांक १,२४५ आहे. शुक्रवारच्या भागाला पाचने भाग जावा अशी क्रमांकांची पद्धत होती. विशेष बातम्या किंवा सणामुळे एखाद्या दिवशी मालिका दाखवली गेली नाही, तर तो क्रमांक सोडून दिला जाई. ३६५ ला पाचने भाग जातो आणि तो शुक्रवारीच लागला. शेवटचा भाग २ एप्रिल १९७१ रोजी दाखवला गेला, तोही शुक्रवार.

हे सगळे भाग आज शिल्लक आहेत का?

एक सोडून सगळे आहेत. त्या काळात वाहिन्या जुन्या फिती पुसून पुन्हा वापरत, त्यामुळे दुपारच्या मालिकेचे इतके भाग टिकणे ही मोठी गोष्ट आहे. १,२१९ वा भाग हरवला आहे. एका चाहत्याने घरी केलेले त्याचे ध्वनिमुद्रण मात्र उपलब्ध होते, त्यावरून आणि स्थिरचित्रांवरून तो पुन्हा उभा केला गेला. काही रंगीत भाग फक्त कृष्णधवल फिल्म-नकलेच्या रूपात उरले आहेत. मालिका रंगीत झाली ती ऑगस्ट १९६७ मध्ये, २९५ व्या भागापासून. म्हणजे १७९५ च्या झगमगीत पोशाखांना रंगाचा लाभ अगदी वेळेवर मिळाला.

कॉलिनवुडचा वाडा आणि जुने घर खरोखर आहेत का?

बाहेरून दिसणारे कॉलिनवुड म्हणजे ऱ्होड आयलंड राज्यातील न्यूपोर्ट येथील सीव्ह्यू टेरेस ही हवेली. ती आजही उभी आहे. जुन्या घरासाठी न्यूयॉर्कजवळच्या टॅरीटाउन येथील एक ओसाड हवेली चित्रित केली होती, ती १९६९ मध्ये जळाली. आतील सगळ्या खोल्या स्टुडिओतल्या.

संगीत कोणाचे आहे?

रॉबर्ट कोबर्ट यांचे. लाटा खडकावर आदळत असताना वाजणारी ती सुरुवातीची धून एकदा ऐकली की विसरत नाही. १९६९ मध्ये क्वेंटिन या पात्राच्या धूनची ध्वनिमुद्रिका अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या वीसांत पोहोचली होती.

त्या काळी ही मालिका कोण पाहत असे?

गृहिणी तर होत्याच, पण शाळकरी मुलांनी ती विशेष उचलून धरली. शाळा सुटल्यावर धावत घरी येऊन टीव्हीपुढे बसण्याच्या आठवणी सांगणारी पिढी अमेरिकेत आज सत्तरीच्या आसपास आहे. नंतरच्या पिढीला ती पुनःप्रसारणातून मिळाली. १९८० च्या दशकात न्यू जर्सीच्या सार्वजनिक वाहिनीने ती दाखवली, आणि त्या राज्यात तेव्हा स्थायिक होऊ लागलेल्या मराठी कुटुंबांतल्या कुणी ती पाहिली असेल तर ती याच मार्गाने.

नंतरच्या रूपांतरांत हा भाग कसा आला?

१९९१ मध्ये कर्टिस यांनीच एनबीसी वाहिनीसाठी मालिका नव्याने केली. तिचे बारा भाग झाले. त्यातही प्लँचेटच्या बैठकीतून व्हिक्टोरिया भूतकाळात जाते, पण साल १७९० आहे, आणि व्हिक्टोरिया व जोसेट या दोन्ही भूमिका जोआना गोइंग या एकाच अभिनेत्रीने केल्या. त्यामुळे कथा सुटसुटीत झाली, पण मॅगीच्या चेहऱ्याने येणारा धक्का गेला. २०१२ च्या चित्रपटात भूतकाळ सुरुवातीलाच थोडक्यात उरकला आहे. त्यात फ्रिड, पार्कर, स्कॉट आणि क्वेंटिन साकारणारे डेव्हिड सेल्बी क्षणभर दिसतात. फ्रिड यांचे त्याच वर्षी एप्रिलमध्ये निधन झाले.

व्हिक्टोरियाचे पुढे काय झाले?

तिच्या वाट्याला मालिकेने न्याय दिला नाही, असे मला मनापासून वाटते. तिच्या जन्माचे रहस्य, ज्यासाठी ती पहिल्या भागात आगगाडीत बसली होती, ते मालिकेने कधीच उलगडले नाही. मोल्टके गरोदर असल्याने १९६८ च्या अखेरीस बाहेर पडल्या. त्यानंतर दोन अभिनेत्रींनी थोडे थोडे दिवस ती भूमिका केली आणि मग हे पात्र कथेतून नाहीसे झाले. तोवर सगळी मालिका बार्नबसची झाली होती.

नव्या प्रेक्षकाने कुठून सुरुवात करावी?

बहुतेक जण २१० व्या भागापासून सुरुवात करायला सांगतात, कारण तिथे बार्नबस येतो. वेळ कमी असेल तर तेही ठीक. पण ३६५ व्या भागाचा पुरता अनुभव हवा असेल, तर मालिकेचे पहिले काही आठवडे तरी पाहावेत. आगगाडीतून उतरलेली, कुणाची कुणी नसलेली व्हिक्टोरिया कॉलिनवुडच्या दारात उभी राहते ते दृश्य मनात असले पाहिजे. मग ३६५ पासून ४६१ पर्यंत न गाळता पाहावे, रोज दोन भाग यापेक्षा घाई न करता. १७९५ मधली माणसे एकेक करून जात राहतात : जेरेमाया, सारा, जोसेट, नेओमी. अखेरीस बार्नबसचे वडील जोशुआ स्वतःच्या मुलाची शवपेटी साखळदंडांनी बांधून घेतात. त्या साखळ्या १९६७ मध्ये विली लूमिसने तोडलेल्याच आहेत, हे आठवल्यावर २१० वा भाग पुन्हा एकदा काढून पाहावा.